खचदरीच्या रेघेवर पाच दिवस

पहिला दिवस : इंदूर

"मावशी, दोन मिनिटं पाय हलवू नकोस हं."

पहाटेचे साडेचार. आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याशेजारी भाची गुडघे टेकून बसली होती. समोर तीन पायांच्या बुटक्या बैठकीवर आठ किलोची एक पेटी होती, ग्रॅव्हीमीटर. आत क्वार्ट्झची बारीक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं चिमूटभर वजन. जमीन त्या वजनाला किती जोरात ओढते एवढंच ही पेटी सांगते. पण ते इतक्या नेमकेपणाने सांगते की शेजारी कुणी पाय बदलला तरी आकडा थरथरतो. म्हणून पहाट निवडलेली. सहा वाजले की आमच्या रस्त्यावर दुधाच्या गाड्या सुरू होतात.

शाळेत मी गुरुत्व म्हणून ९.८ शिकवत आले. भाचीच्या वहीत तोच आकडा मिलीगॅल या बारीक एककात, ९,७८,००० च्या वर, दशांशासकट लिहिलेला असतो. तिला हवं असतं ते शेवटच्या काही घरांत. पायाखाली जड खडक असेल तर आकडा किंचित वाढतो. वाळू, गाळ किंवा सच्छिद्र वालुकाश्म असेल तर किंचित घटतो. वरून सगळं सारखंच शेत दिसत असलं तरी खालचा फरक या घरांमध्ये उतरतो.

एवढ्या बारीक मोजणीत चंद्रही येतो. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, आणि चंद्र-सूर्यामुळे दिवसभरात आकडा मिलीगॅलच्या एक-दोन दशांशांनी वर-खाली होतो. स्प्रिंगही हळूहळू सैल पडत जाते. म्हणून आमचं अंगण हे या फेरीचं मूळ ठाणं. इथे मोजायचं, पाच दिवस भटकायचं, परत येऊन पुन्हा इथेच मोजायचं. मधल्या फरकातून चंद्र आणि स्प्रिंग दोन्ही वजा करायचे.

मी या फेरीत का निघाले ते सांगते. भूगोल शिकवताना वर्षानुवर्षं मी फळ्यावर दोन डोंगर आणि मध्ये एक खाच काढली. वर विंध्य, खाली सातपुडा, मध्ये नर्मदा. 'नर्मदा खचदरीतून वाहते' हे वाक्य किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेन याचा हिशेब नाही. पण जमीन खचली हे कुणी, कशावरून ओळखलं, असं एकाही मुलाने विचारलं नाही, आणि मीही कधी शोधलं नाही. निवृत्तीनंतर ती गोष्ट मनात सलत राहिली. भाची हैदराबादेहून दोन विद्यार्थी आणि चार पेट्या घेऊन आली, तेव्हा म्हटलं, मी येणार. वहीत आकडे लिहायला मी चालेन.

संध्याकाळी सामान बांधताना तिने सिरोंजची गोष्ट काढली. सिरोंज आपल्याच माळव्यातलं. त्याच्याजवळच्या कल्याणपूरला मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं मुख्य ठाणं होतं. तिथून उत्तरेला मुझफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंतचं अंतर साखळीने आणि त्रिकोणांनी मोजलं, मग ओळंब्याने उभी दिशा धरून ताऱ्यांवरूनही काढलं. दोन्हींत ५.२३६ सेकंदांचा कोनीय फरक आला. हिमालय ओळंबा आपल्याकडे ओढतो हे कारण लक्षात आलं. पण कलकत्त्याचे पाद्री प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला, तर फरक १५.८८५ सेकंद यायला हवा होता. जेवढा डोंगर वर दिसतो तेवढी ओढ लागत नव्हती. १८५५ मध्ये इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनी सांगितलं की पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असतं. डोळ्यांना दिसणारी जमीन आणि वजनाने सापडणारी जमीन वेगळ्या असतात, हे जगाला कळण्यात आपल्या माळव्याच्या एका टेकाडाचा वाटा आहे. मी इंदुरात जन्मले, इथेच भूगोल शिकवला, आणि हे मला साठीनंतर कळलं.

दुसरा दिवस : महू, जाम दरवाजा, घाट

पोहे-जिलेबी बांधून घेतली आणि महूमार्गे निघालो. दर किलोमीटरला गाडी थांबायची. पेटी उतरवायची, बुडबुडा मध्यावर आणायचा, मिनिटभर वाचन घ्यायचं. तोवर एक विद्यार्थी उपग्रहाच्या यंत्रावर उंची घ्यायचा. उंचीत १० सेंटीमीटर चूक झाली तर निकालात ०.०२ मिलीगॅलची चूक होते, त्यामुळे आमच्या फेरीत उंचीचं काम गुरुत्वाइतकंच जिकिरीचं. दक्षिणेला किलोमीटरभर सरकलं की अक्षांशामुळेही सुमारे अर्धा मिलीगॅल कमी होतो. तोही वजा-जमेत धरायचा.

महूच्या पुढे जमीन पाहावी. पठार सपाट वाटतं, पण त्याचा उतार उत्तरेकडे आहे. जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते आणि नर्मदेकडे पाठ फिरवून यमुनेकडे जाते. नर्मदा इथून हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ, तरी या बाजूचा पाऊस बंगालच्या उपसागराला मिळतो आणि घाटाच्या कडेवरून पलीकडे पडलेला थेंब खंबातच्या आखाताला. वर्गात मी या जलविभाजकावर पाच ओळी सांगत असे. इथे उभं राहिल्यावर त्या पाच ओळी फारच थोड्या वाटल्या.

जाम दरवाजा अहिल्याबाईंच्या काळातला. माळव्यातून महेश्वरला उतरणाऱ्या वाटेवर, अगदी कड्याच्या टोकाशी. कमानीतून पलीकडे पाहिलं तर जमीन संपते आणि निमाड सुरू होतो. सकाळच्या धुक्यात खालचं खोरं तळ्यासारखं भरलेलं होतं. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, महेश्वर त्याच्या जवळपास ४०० मीटर खाली.

मी म्हटलं, "हाच ना प्रस्तरभंग? इथूनच जमीन खचली?"

भाचीने वहीत लिहिता लिहिता मान हलवली. "नाही मावशी. कडा आहे म्हणून भंग इथेच असेल असं धरायचं नाही. पाऊस आणि ओढे कड्याला कोरत राहतात. दरड पडते, कडा मागे सरकतो. भंग मात्र जागचा हलत नाही. लाखो वर्षांनी कडा एकीकडे आणि भंग दुसरीकडे, मधल्या सपाटीत गाळाखाली गाडलेला."

मी माझ्या फळ्यावर भंगाची रेघ नेहमी डोंगराच्या पायथ्याला काढत आले होते. तसं वाटणं साहजिक आहे, पण जमिनीवरचा आकार पाहून जमिनीखालचं अनुमान काढायची घाई मी केली होती, आणि ती मुलांपर्यंतही पोहोचवली होती. ते वाईट वाटणं दिवसभर गेलं नाही.

घाट उतरताना आकडे वाढत गेले. पृथ्वीच्या केंद्राजवळ जाऊ तशी ओढ वाढते, मीटरला ०.३०८६ मिलीगॅल. ४०० मीटरला १२३. पण वर असताना पायाखाली जो ४०० मीटरचा खडक होता, त्याची ओढ खाली आल्यावर मिळत नाही, ती सुमारे ४५ मिलीगॅल. म्हणजे निव्वळ वाढ ७८-७९ च्या घरातली. खाली खडक सगळीकडे एकसारखा असता तर आमचा आकडा या हिशेबाला तंतोतंत जुळला असता. हिशेबाने येणारा आकडा आणि पेटीने दाखवलेला आकडा यांत जी तफावत उरते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या तफावतीला बूगेर यांचं नाव आहे. अठराव्या शतकात ते दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात मोजणीला गेले होते.

घाटात मात्र काम कूर्मगतीने चाललं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. शेजारचा डोंगर स्प्रिंगला वर ओढतो, आणि दरीत खडकच नाही म्हणून खालची ओढही कमी पडते. दोन्हीमुळे आकडा घटतो, त्यामुळे प्रत्येक थांब्याभोवतीचा चढ-उतार टिपून घ्यावा लागतो. सात किलोमीटरला चार तास लागले. मंडलेश्वरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

तिसरा दिवस : जलूद, महेश्वर, सहस्रधारा

मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेचं पाणी उचललं जातं आणि काल आम्ही उतरलो तो सगळा चढ चढवून इंदूरला नेलं जातं. १९७८ पासून. ते पहिल्यांदा आलं तेव्हाची आमच्या आईची धावपळ मला आठवते. तिने पहिला तांब्या देवापुढे ठेवला होता. खोरं खोल असल्याची किंमत इंदूर दररोज विजेच्या बिलात भरतं, ही गोष्ट पंपांचा आवाज ऐकल्यावर खरी वाटली. आमच्या कामाला मात्र ते ठिकाण वर्ज्य. उच्च दाबाच्या तारांमुळे चुंबकमापक तिथे काही धड सांगेना.

चुंबकमापक आज माझ्याकडे होता. काठीच्या टोकाला डबा, पाठीवर बॅटरी, आणि सरळ रेषेत चालायचं. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल सगळं गाडीत. साडीच्या पदराची पिनसुद्धा काढून ठेवली, कारण ती पोलादी. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४५,००० नॅनोटेस्ला. खालचे खडक त्यात शे-दोनशेंचा, कधी त्याहून मोठा फरक पाडतात.

सूर्यामुळे हे क्षेत्र दिवसभर बदलतं, म्हणून दुसरा मापक एका जागी ठेवून त्याच्याशी ताळा घ्यावा लागतो. आपल्याकडे हे काम फार जुनं. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे विजेची ट्राम येणार असं ठरलं, आणि ट्रामच्या प्रवाहाने सुया हलतील म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. एका शहराने आपल्या सोयीसाठी ट्राम आणली आणि मोजणीची शिस्तही राखली, याचा मला अभिमान वाटतो.

सहस्रधारेला नर्मदा काळ्या बेसॉल्टवर शेकडो धारांनी फुटते. तिथे खडकावर बसून भाचीने चुंबकाची अडचण सांगितली. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि त्या काळात बराच वेळ पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवही उलटे होते. लाव्हा थिजला तेव्हाची दिशा त्याच्या लोहकणांत तशीच राहून गेली. आज मोजायला गेलं की खडकाचं ते जुनं चुंबकत्व कुठे आजच्या क्षेत्रात भर घालतं, कुठे वजा करतं. त्यामुळे नुसत्या चुंबकीय नकाशावर विसंबून इथे खोरं शोधता येत नाही. मात्र जुन्या भेगांत लाव्हा घुसून ज्या उभ्या भिंती झाल्या, त्या या मापकावर टोकदार उमटतात. आणि अशा भिंती बहुतेकदा कमजोर रेषांच्या सोबतीने जातात.

महेश्वरच्या घाटावर संध्याकाळी पुण्याकडच्या दोन परिक्रमावासी काकू भेटल्या. पायांना फडकी बांधलेली. 'नर्मदे हर' झालं. आम्ही काय करतो ते सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "म्हणजे उद्या तुम्ही मैया ओलांडणार?" परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. आमची मोजणीची रेघ मात्र ओलांडल्याशिवाय पुरी होत नाही. उत्तर-दक्षिण गेल्याशिवाय पूर्व-पश्चिम पसरलेला भंग कापला जात नाही. काकूंनी आमच्या वतीने हात जोडले आणि म्हणाल्या, "तिला सांगून जा." दुसऱ्या दिवशी कसरावदकडच्या पुलावर मी गाडी थांबवायला सांगितली आणि सांगून गेले.

चौथा दिवस : दक्षिण तीर

आजचं ठाणं एका दाजींच्या हरभऱ्याच्या शेतात. निमाडात वडीलधाऱ्याला दाजी म्हणतात. आपल्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, त्यामुळे विद्यार्थी पहिल्यांदा चाचरले.

मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीचं नाव अवघड आहे, कल्पना नाही. दूरवर पडणाऱ्या विजा आणि सूर्याकडून येणारा कणांचा वारा यांच्यामुळे जमिनीत सतत अतिसूक्ष्म वीजप्रवाह फिरत असतात. चार दिशांना मातीत भांडी पुरायची, मिठाच्या गाऱ्यात, आणि त्यांच्यातला विजेचा दाब मोजायचा. हातभराहून लांब जड वेटोळी चर खणून आडवी पुरायची आणि चुंबकीय लहरी मोजायच्या. दोन्हींच्या गुणोत्तरातून खडकाची रोधकता, म्हणजे तो वीज किती अडवतो ते, निघते. लहर जितकी संथ तितकी ती खोल जाते. १०० ओहम-मीटरच्या खडकात एका सेकंदाची लहर सुमारे ५ किलोमीटर, १०० सेकंदांची ५०. म्हणून रात्रभर थांबायचं.

इथे हीच पद्धत का, तेही तिने समजावलं. सुरुंगाच्या लहरींनी खोली मोजायची पद्धत या खोऱ्यात पूर्वी वापरली गेली आहे. उज्जैनपासून अकोला जिल्ह्यातल्या महानपर्यंत, म्हणजे काटेपूर्णा धरणापर्यंत, नर्मदा आणि तापी दोन्ही ओलांडत अशी एक रेघ गेली. दुसरी रेघ सेंधव्यावरून गेली. त्यांतूनच पृथ्वीचं कवच इथे किती जाड आहे ते कळलं, आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात लाव्ह्याखाली त्याहून जुने गाळाचे थर दडले आहेत हेही. पण बेसॉल्टमध्ये लहर वेगाने धावते आणि खालच्या वालुकाश्मात मंदावते. मंद थरातली लहर वरच्या थराआधी पोहोचत नाही, म्हणून तो थर लपून राहतो. विजेला ही अडचण नाही. ओला गाळाचा थर वीज सहज वाहून नेतो, ग्रॅनाइट जवळपास अडवतो. बेसॉल्टच्या झाकणाखाली काय ठेवलंय ते असं उमगतं.

त्या थरांमध्ये नवल वाटावं असं काही नाही. धार जिल्ह्यात बाघला तेच जुने थर उघड्यावर आहेत. तिथली लेणी वालुकाश्मात कोरलेली, आणि वरच्या चुनखडीत समुद्री जीवांचे अवशेष. लाव्ह्याच्या आधी समुद्राचा एक फाटा इथवर शिरला होता. फाटा शिरायला सखल भाग हवा. म्हणजे हे खोरं नर्मदेहूनही जुनं म्हणायचं.

दाजींनी दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मग ते आपल्या बोअरबद्दल बोलू लागले. ४०० फूट गेले, पाणी नाही. ६० पावलांवर भावाच्या शेतात १२० फुटांवर भरपूर. भाचीने जेवणाचं ताट बाजूला ठेवून वही काढली. किती फुटांवर काळा दगड, किती फुटांवर लाल माती, पुन्हा काळा कधी लागला, यंत्राचा आवाज कुठे बदलला? दाजींना सगळं तोंडपाठ होतं. पैसे फुटाफुटाने गेले होते. लाल माती म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेला थर. भावाच्या बोअरमध्ये तीच लाल माती ३५ फूट वर लागली होती. खडक तुटून एक बाजू सरकली असेल किंवा मुळातच तो थर उताराचा असेल. दोन बोअरवरून ठरवता येत नाही, पण उद्याच्या रेघेत इथे दर १०० मीटरला वाचन घ्यायचं ठरलं. हे खोरं मोजायला आलेल्यांनी आधी बोअर मारून बसलेल्या शेतकऱ्याशेजारी बसावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

रात्रीची वीज आली की आजूबाजूचे पंप सुरू होतात आणि नोंदीत नुसती घरघर येते. दाजींनी स्वतःचा पंप बंद ठेवला आणि शेजारच्या दोघांनाही रात्रीपुरतं थांबवलं. गव्हाला पाणी द्यायची पाळी सोडणं म्हणजे काय, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको.

मी ठाण्याजवळच्या खाटेवर झोपले आणि चारच्या सुमारास जागी झाले. ही वेळ मला जागं करतेच. २२ मे १९९७, पहाटे ४ वाजून २२ मिनिटं. सुट्टीत मी बहिणीकडे जबलपूरला होते. भाची चार वर्षांची. आधी खालून ट्रक गेल्यासारखी घरघर, मग मांडणीवरची भांडी, मग भिंत. मी तिला पांघरुणासकट उचललं आणि जिना उतरले. उजाडेपर्यंत सगळी गल्ली रस्त्यावर. पुढे कित्येक दिवस लोक विचारत होते, जमीन नक्की फाटली कुठे? ती कुठेच फाटली नव्हती. ५.८ तीव्रतेचा तो भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर झाला होता. एवढ्या खोलीवर खडक सहसा तापून मऊ पडतो आणि तुटत नाही. या पट्ट्याखाली तो अजून थंड आणि ताठ आहे. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात झालेला ६ हून मोठा धक्काही असाच खोलातला. वर काहीच खूण न ठेवणारा भंग शोधायचा तर हेच मार्ग उरतात.

भाचीही जागी होती. मी विचारलं, "तुला आठवतं का गं ते?"

"पांघरूण आठवतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तू अनवाणी होतीस."

सकाळी पाहिलं तर पूर्वेकडची तार उंदरांनी कुरतडली होती. सुदैवाने पहाटेपर्यंतची नोंद शाबूत होती.

पाचवा दिवस : खरगोन, सातपुड्याचा पायथा, परत

खरगोनपुढे शेतांत मिरच्या वाळत घातलेल्या, लाल गालिच्यासारख्या. मोजणी भराभर झाली. भगवानपुऱ्याकडे सातपुडा समोर आला तिथे रेघ संपवली.

गाडीतच विद्यार्थ्याने कच्चा आलेख काढला. खोऱ्याच्या मध्यभागी रेघ खाली झुकते. मी आनंदाने म्हटलं, "खचदरी!" भाची म्हणाली, थांब. ३०० मीटर जाडीचा उथळ, फार हलका गाळही असा झुकाव देईल आणि लाव्ह्याखालचा किलोमीटरभर जाडीचा, थोडासाच हलका थरही देईल. गुरुत्वाला खोली आणि हलकेपणा यांतला फरक एकट्याने सांगता येत नाही. म्हणून विजेची नोंद, चुंबक, बोअर सगळं एकमेकांशेजारी ठेवायचं, आणि शेवटी छिद्र घ्यायचं. किल्लारीला भूकंपानंतर भोक घेतलं तेव्हा लाव्हा ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली पायाचा जुना खडक लागला. कोयनेत तोच लाव्हा ९३० मीटरहून जास्त खोल गेला. दख्खनचा काळा दगड वरून सगळीकडे सारखा, जाडी अशी दर ठिकाणी वेगळी.

या नकाशाचा उपयोग कुणाला, असं विचारणारे घरातही आहेत. पाणी शोधणाऱ्या दाजींना आहे. २००१ मध्ये भूजपासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती पडल्या. बांधकाम कच्चं होतंच, पण खालच्या जाड गाळाने हादराही वाढवला. निमाडात कुठे किती गाळ आहे हे घर बांधण्याआधी माहीत असलेलं बरं. आणि याच खोऱ्यात ओंकारेश्वर, इंदिरा सागर आणि सरदार सरोवर अशी मोठी धरणं उभी आहेत.

रात्री अकराला इंदूर. पहाटे साडेचारला पुन्हा अंगणात पेटी मांडली. पाच दिवसांत स्प्रिंग किती सरकली तो आकडा मीच वहीत लिहिला आणि फेरी बंद केली. चहा होईपर्यंत जबलपूरहून बहिणीचा फोन आला. काय सापडलं, तिने विचारलं. भाचीने सांगितलं की अजून दोन रेघा बाकी आहेत. पुढची फेब्रुवारीत, बडवाहवरून, कारण तिथे लाव्ह्याखालचे विंध्य काळातले खडक वर डोकावतात आणि ताळा घ्यायला जागा मिळते. दाजींनाही ती चालता चालता सांगून आली होती, भावाच्या बोअरपाशी परत यायचं आहे म्हणून. मी कॅलेंडर काढून तारखांवर खूण केली.